बखीतच्या घरचा ऊद

आमचा शेजारी बखीत ओमानातल्या सलालाच्या बाजारात ऊद विकायचा. जन्म त्यातच गेला, आणि त्याच उदाच्या धुरानं त्याला दमा उसळायचा. आता बोला!

डॉक्टरणीनं दोन पंप दिले होते. तपकिरी रोज, बरं वाटलं तरी घ्यायचा. निळा धाप लागली की. आणि घरात धूर बंद. त्याची बायको तुफूल, तिनं संध्याकाळी धुपाटणं फिरवणं सोडलं. आळीतल्या बायका टोचायच्या, "उदाच्या वासाशिवाय तुमच्याकडे फरिश्ते तरी कसे येणार गं?"

"नाही आले तर नाही. माझा नवरा श्वास घेतोय ना!"

या उत्तरासाठी मला ती फार आवडायची.

बखीत मात्र दीडशहाणा. जरा बरं वाटलं की तपकिरी पंप फळीवर. "धडधाकट माणसानं औषध घेणं म्हणजे दुखण्याला आवतण."

"मेल्या, धडधाकट आहेस तो त्या पंपामुळेच!" मी कितीदा डाफरले. पालथ्या घड्यावर पाणी.

मग मुझ्नाची, त्यांच्या लेकीची, सोयरीक ठरली. जेवणं आटोपली. आत विहीण, बाहेर व्याही, दोघंही उदासाठी खोळंबलेले. आमच्यात पाहुण्याला ऊद न देता पाठवणं म्हणजे हाकलणंच. बखीत स्वयंपाकघरात आला.

"तुफूल, धुपाटणं पेटव."

"नाही पेटवणार."

"ऊदवाल्याच्या घरून लोक कोरडे जातील? जन्मभर पोरीला टोमणे बसतील गं."

त्यानं स्वतःच निखारे फुंकले, सगळ्यात उंची ऊद टाकला. एक धुपाटणं आत धाडलं, दुसरं आपण घेऊन गेला. विहीण खूश झाली.

पाहुण्यांची गाडी वळली आणि बखीत दारातच बसला. छातीत शिट्ट्या वाजत होत्या. निळा पंप ओढला, पुन्हा ओढला. शिट्ट्या थांबल्या तशी मुझ्ना म्हणाली, "उतार पडला, अल्हम्दुलिल्लाह!" उतार कसला! हवा आत जातच नव्हती. इस्पितळाच्या वाटेवरच तो गेला.

आता तुफूल इद्दतीत, नवरा गेल्यावरच्या चार महिने दहा दिवसांच्या सुतकात, बसली आहे. इद्दतीतल्या बाईला अत्तर नाही, ऊद नाही. परवा विहीण भेटायला आली, बसली, रडली आणि ऊद न घेता उठली. जाताना तुफूलचं कपाळ चुंबलं, रुसवा नाही की फुगवा नाही.

दार लागल्यावर तुफूल माझ्याजवळ येऊन बसली. मग मला म्हणाली, "बघितलंस? तिला असंही जाता येतं."