राणीच्या गालावरची रेघ: एका रुपयासह कल्याण आणि ठाणे

गेल्या मंगळवारी एक राणीछाप रुपया खिशात घालून मी डोंबिवलीहून कल्याणमार्गे ठाण्याला जाऊन आलो. अंतर पाहता याला प्रवास म्हणणे धाडसाचेच; परंतु ज्यांच्या देव्हाऱ्यात जुनी चांदीची नाणी आहेत, त्यांना हा मजकूर उपयोगी पडावा.

रुपया माझी पत्नी सुधा हिचा, तिला आईकडून मिळालेला. दर धनत्रयोदशीला तो स्वतः घासून ती पूजेत मांडत असे. इतर कोणी हात लावलेला तिला चालत नसे. रुग्णालयात तिने मला बजावले होते, की मुग्धाला, म्हणजे आमच्या मुलीला, मूल झाले की बारशाला हा रुपया बाळाच्या मुठीत द्यायचा. सुधाला जाऊन आठ महिने झाले. मुग्धाला मुलगी झाली आणि बारसे येत्या रविवारी पुण्याला ठरले.

रुपया काळवंडला होता. मोबाइलवर पाहून मी तो फॉइल, खाण्याचा सोडा आणि उकळते पाणी यांत बुडवला. बाहेर काढला तेव्हा राणीच्या गालावरून काठापर्यंत गेलेली एक रेघ दिसली. ती मी यापूर्वी कधीही पाहिलेली नव्हती. सुधाने जन्मभर जपलेली वस्तू मी एका दुपारी बिघडवली, या भीतीने दोन दिवस मला अन्न गोड लागले नाही.

डोंबिवली पूर्वेहून कल्याणला शेअर रिक्षा मिळते. अकरानंतर निघावे, म्हणजे पत्रीपुलावर फारसा खोळंबा होत नाही. नाणे मऊ सुती कापडात गुंडाळून आतल्या खिशात ठेवावे. मी तसे ठेवले होते, तरी हात राहून राहून छातीकडे जात होता. शेजारच्या बाईंनी शेवटी विचारलेच, "काका, छातीत दुखतंय का? रिक्षा थांबवायला सांगू?"

"नाही, मी ठीक आहे."

"आमचे हे पण असंच म्हणायचे," त्या म्हणाल्या आणि उतरेपर्यंत माझ्यावरची नजर त्यांनी काढली नाही.

जुन्या कल्याणातील एका सराफाच्या दुकानात मी रुपया दाखवला आणि नातीच्या बारशाला द्यायचा आहे, असे सांगितले. त्याने तो उलटसुलट केला आणि म्हणाला, "ओरखडा आहे. चाकावर धरतो, दहा मिनिटांत आरसा करून देतो."

"आणखी बिघडणार नाही ना?"

"काका, नातीला देताय ना? मग चमकायला नको?"

पॉलिशचे चाक फिरू लागले होते. माझा अपराध दहा मिनिटांत पुसला जाणार होता आणि मुग्धाला तो कधीही कळणार नव्हता. मी मान डोलावली. त्याने नाणे चाकाजवळ नेले, पण तो आवाज ऐकताच मी ते परत मागितले. विचार करून येतो, असे सांगितले.

"यात विचार कसला? राणीला विचारून येताय?" सराफ म्हणाला. बाकावरची गिऱ्हाइके हसली.

ठाण्यात नाण्यांचे प्रदर्शन असल्याचे वाचले होते, म्हणून कल्याणहून मी एसटीने तिकडे गेलो. ज्येष्ठ नागरिकांना अर्धे तिकीट पडते. दुर्गाडीच्या पुलावरून खाडी दिसते, मग कोन गाव आणि पुढे महामार्गावरचे ट्रक. माजिवड्याला गाडी बराच वेळ अडकते, तेव्हा हाताशी सव्वा तास तरी ठेवावा. ठाण्यात मिसळ खावी, असे मी एरवी आग्रहाने लिहिले असते; त्या दिवशी मला चहादेखील गेला नाही.

मासुंदा तलावाजवळच्या एका सभागृहात नाणेसंग्राहकांचे प्रदर्शन होते. प्रवेश विनामूल्य. दिवा गावचे म्हात्रे नावाचे एक वयस्क संग्राहक कोपऱ्यातल्या टेबलाशी बसले होते. मी रुपया काढताच ते म्हणाले, "बोट लावू नका साहेब. काठ धरा."

त्यांनी नाणे दिव्याखाली तिरपे केले आणि भिंग माझ्या हाती दिले. "आता सावली बगा. रेग खोल हाय का वर?"

रेघ वर होती. बारीक बांधासारखी उंचावलेली. ओरखडा धातूत खोल उतरतो, त्यांनी समजावले. टांकसाळीत नाणी पाडून पाडून ठशाला तडा जातो, दाबाखाली चांदी त्या तड्यात शिरते आणि नाण्यावर अशी उंच रेघ उमटते.

"जन्मखूण हाय ती. तुमी नाय केली. दोनी बाजूच्या मळात बुजली व्हती, इतकंच."

मी श्वास सोडला, तेवढ्यात ते म्हणाले, "पण धुतलंय. दोन परकारे."

राणीच्या केसांच्या खाचांत जो जुना काळेपणा राहायला हवा तो नव्हता. सगळीकडे एकसारखी, निर्जीव पांढरी झाक होती. ते माझे काम. मग त्यांनी नाणे जरा फिरवले आणि मोकळ्या जागेत केसाहून बारीक, गोलाकार रेघा उजळल्या. शेकडो.

"ह्या जुन्या. रांगोळी नाय तं राख. वरसानुवरसं अंगठा असा गोल फिरलाय. विकायला गेलात तं ह्यांच्यामुळंच भाव पडंल."

मी भिंगातून पाहत राहिलो. मग विचारले, "पॉलिशच्या चाकावर धरले असते तर?"

"चाकावर? ह्यातली एक रेग ऱ्हायली नसती."

मी टेबलाच्या कडेला टेकलो. म्हात्र्यांनी खुर्ची पुढे सरकवली आणि आपली पाण्याची बाटली दिली.

वाचकांनी एवढे जरूर करावे: घरचे जुने नाणे धुण्याआधी ते तिरप्या उजेडात पाहावे, आणि चकचकीत करून देतो म्हणणाऱ्याच्या हाती देऊ नये.

संध्याकाळी घरी पोहोचल्यावर मुग्धाला फोन केला. रुपया यापुढे कोणीही घासायचा नाही, हे वाक्य मी एसटीत बसून नीट जुळवले होते. आधी दिवसभराचे सगळे सांगितले; ते वाक्य बोलणार, तोच ती म्हणाली:

"बाबा, धनत्रयोदशीला आता मी घासणार. आईने शिकवलंय मला."

"तुला केव्हा शिकवले?"

"लग्नाआधी. तुम्ही ऑफिसात होतात."

जुळवलेले वाक्य मी बाजूला ठेवले. मी तिला विचारले, की आई नेमके काय करत असे. ती सांगू लागली: रांगोळी वस्त्रगाळ करायची, थेंबभर पाण्यात कालवायची, अंगठ्याचे पोट टेकवायचे, जोर द्यायचा नाही. एकाच घरात राहून यातले मला काहीच ठाऊक नव्हते. रुपया हातून जाऊ देण्याची भीती अजूनही आहे. रविवारी तो घेऊन मी पुण्याला जाणार आहे.