खाप्याचे शब्द आणि भोकांची कार्डं

आमच्या मराठी विभागाच्या कपाटात बुटांचे सतरा रिकामे डबे होते. सीताबर्डीवरच्या एका दुकानातून सरांनी ते मागून आणले होते, कारण आमची शब्दांची कार्डं त्यांत बरोबर उभी राहत. एका कार्डावर एक शब्द, तो कुठल्या गावी ऐकला, आणि कुठल्या वाक्यात. मी नुकतीच अधिव्याख्याती म्हणून लागले होते. सर विभागप्रमुख होते आणि माझे मार्गदर्शकही. निवृत्तीला त्यांना दीड वर्ष उरलं होतं.

रविवारी आम्ही एस.टी.ने कधी कळमेश्वरला, कधी मौद्याला, पण बहुतेक खाप्याला जायचो. कुणाच्या तरी ओसरीवर बसून बोलणं काढायचं आणि कानावर पडेल ते टिपायचं. खाप्यात एका म्हातारीला मी माझ्या डोळ्यावर बोट ठेवून विचारलं, "याला काय म्हणता?" ती माझ्याकडे पाहतच राहिली. "एवढी शिकली वं तू, अन् डोयाले काय म्हणते हे मले विचारून राहिली?" सर इतके हसले की त्यांच्या कपातला चहा धोतरावर सांडला. मी ते वाक्यही कार्डावर उतरवून घेतलं.

ऐंशी साल नुकतंच उलटलं होतं. विद्यापीठात हिवाळ्यात दोन दिवसांचा परिसंवाद ठरला. विषय होता 'मानव्यविद्या आणि संगणक'. संगणक हा शब्दच तेव्हा इतका नवा होता की कापडी फलक रंगवणाऱ्या पेंटरने मला दोनदा विचारलं, "मॅडम, गणक लिहू की गणित?" सरांनी मात्र मनावर घेतलं होतं. आमचे शब्द यंत्रात घालायचे, कोणत्या गावात 'ळ'चा 'य' होतो, कुठे 'मला' आणि कुठे 'मले', हे यंत्राकडून मोजून घ्यायचं आणि तोच निबंध वाचायचा. आयुष्यभर शाईच्या दौतीतून लिहिलेल्या माणसाला हा उत्साह कुठून आला, याचं मला तेव्हा फार नवल वाटायचं.

शहराच्या दुसऱ्या टोकाला एका तांत्रिक संस्थेत संगणक होता. तिथले एक तरुण प्राध्यापक मदतीला तयार झाले. यंत्राला देवनागरी येत नव्हती, म्हणून सरांनी आणि त्यांनी बसून रोमन अक्षरांची लिपी ठरवली. 'ळ'साठी एल आणि पुढे दोनचा आकडा. दर मंगळवारी मी सायकलच्या कॅरियरला दोन डबे बांधून तिथे जायची. दाराशी चपला काढायच्या आणि आत जायचं. कार्डांना भोकं पाडायच्या यंत्रावर एक मुलगी बसायची, बावीस-तेवीस वर्षांची. बाहेर ऑक्टोबरचं ऊन रणरणत असायचं आणि ती स्वेटर घालून बसलेली असायची, कारण यंत्रासाठी ती खोली गार ठेवत. फार स्वच्छ, पुस्तकी मराठी बोलायची. "ठेवा मॅडम, गुरुवारपर्यंत होऊन जाईल." मी तिला पुण्याकडची समजत होते.

परिसंवादाला आठ दिवस राहिले असताना यंत्रातून छापून निघालेला कागद हाती आला. हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांचा, कडेला भोकं असलेला, घडी उलगडली की टेबलावरून खाली जमिनीवर लोळणारा. मी अधीर होऊन 'एम' अक्षर काढलं. 'मला', 'मला', 'मला'. खाप्याचं, मौद्याचं, सगळीकडचं 'मला'. 'मले' एकदाही नाही. 'डोया' नाही, 'काळा'चा 'काया' नाही. जणू सतरा डबे आम्ही पुण्यातच फिरून भरले होते.

"यंत्र चुकलं," मी म्हटलं.

तरुण प्राध्यापकांनी भोकांच्या कार्डांचा एक गठ्ठा काढला. कार्डाच्या वरच्या कडेला बारीक अक्षरं छापलेली असत. ती आणि आमची कार्डं शेजारी ठेवली तेव्हा उलगडा झाला. यंत्राला दिलेलेच शब्द बदललेले होते.

मी तशीच त्या मुलीच्या टेबलाशी गेले. "हे शब्द तुम्ही बदलले?"

ती उभी राहिली. "हो. बऱ्याच ठिकाणी चुका होत्या, त्या दुरुस्त केल्या."

"तुम्हाला कोणी सांगितलं दुरुस्त करायला? तुमचं काम बटणं दाबायचं आहे!"

इतरांसमोर, मोठ्या आवाजात. हे वाक्य मी बोलले हे मला आज लिहितानाही जड जातं. ती जी बोलली ती वेगळ्याच भाषेत बोलली.

"मी खाप्याचीच होय मॅडम. मले वाटलं, तुमी आमच्या बायाइचं बोलनं तिथं मोठ्या मोठ्या लोकाइसमोर वाचान, अन् ते हासतीन. शाळेत 'मले' म्हटलं का बाई छडी मारे. पाटी भरून 'मला' लिवाले लावे. म्हनून मी सारं नीट करून देलं."

मी डबे उचलले आणि बाहेर पडले.

सरांना सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "पुन्हा भोकं पाडायला वेळ नाही. निबंध मागे घेऊ." त्यांचा आवाज मी इतका थकलेला कधी ऐकला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मुलगी सायकलवरून आमच्या विभागात आली. चार दिवसांची रजा टाकून आली होती. "मूळ कार्डं द्या मॅडम. मी काय काय बदललं ते मला आठवतं." भाषा पुन्हा पुस्तकी झाली होती. आम्ही दोघी लांब टेबलावर समोरासमोर बसलो. ती छापील शब्द वाचायची, मी मूळ शब्द वाचायची, आणि फरक निघाला की वहीत लिहायची. पहिल्या दिवशी कामापलीकडे एक शब्द बोललो नाही. दुपारी आपापला डबा आपापल्या टेबलावर उघडला.

दुसऱ्या दिवशी सर येऊन खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले. वही चाळता चाळता थांबले.

"'सांभार' तसंच ठेवलंस. का गं?"

"त्यात काय चूक आहे, सर?" तिने खरंच न कळून विचारलं.

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मलाही तो शब्द कधी खटकला नव्हता. आमच्या घरात तीन पिढ्या सरकारी नोकऱ्या, शुद्ध बोलण्याचा कोण अभिमान, पण बाजारातून कोथिंबीर कधी आलीच नाही. आला तो सांभारच. शेताचं 'वावर' तिने तसंच ठेवलं होतं, पेरूचा 'जांब'ही तसाच.

"म्हणजे असं," सर हळूहळू म्हणाले, "छडी खाल्लेले शब्द तू बदललेस. आणि जे शाळेतल्या बाईंच्याही घरी बोलले जायचे, ते तसेच राहिले."

ती पहिल्यांदा हसली. सरांनी तिथेच कागद ओढला आणि निबंध नव्याने लिहायला घेतला. त्या दुपारी आम्ही तिघांनी एकाच टेबलावर डबे उघडले.

परिसंवादाला बाहेरगावचे विद्वान आले होते. सायक्लोस्टाइल केलेल्या निबंधांची शाई बोटांना लागत होती, टाचणीने लावलेले नावाचे बिल्ले सारखे गळून पडत होते. आलेल्यांपैकी निम्म्यांनी संगणक डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. मीही दोन महिन्यांपूर्वी त्यांच्यातलीच. सरांनी घडलं ते सगळं, काहीही न लपवता सांगितलं. कोणते शब्द बदलले गेले, कोणते नाही, आणि त्यावरून बोलीबद्दल काय कळतं. पुण्याहून आलेले एक ज्येष्ठ पाहुणे उठले. "म्हणजे निष्कर्ष तुम्ही हातानेच काढलात. मग संगणकाचा उपयोग काय झाला?" सभागृह हसलं.

"उपयोग एवढाच," सर म्हणाले, "की त्याने काही लपवलं नाही. आम्ही माणसांनी हातानेच वही केली असती, तर दुरुस्त्या कुठल्या आणि मूळ कुठलं, हे आम्हालाही कळलं नसतं." मग त्यांनी शेवटच्या रांगेकडे पाहिलं. "हे काम जिच्यामुळे झालं, ती इथे आहे. दोन शब्द बोलशील?"

तिने मान हलवून नाही म्हटलं. सरांनी आग्रह केला नाही.

जेवणाच्या पंगतीत मात्र ती आमच्याबरोबर वाढायला उभी राहिली. त्याच पाहुण्यांच्या पानाशी थांबून म्हणाली, "सांभारवडी देऊ का जी तुमाले?"

"सांबार? ते इडलीबरोबरचं?"

"नाही जी. हा हिरवा सांभार, पाल्याचा."

"म्हणजे कोथिंबीर!"

"तुमच्याकडे धने कोथिंबिरीले येतेत, आमच्याकडे सांभाराले."

पाहुणे मनमोकळे हसले, दुसरी वडी मागून घेतली, आणि जेवण झाल्यावर तिला बसवून घेऊन निबंधाच्या पाठकोऱ्या बाजूवर शब्द टिपत राहिले. ती बोलत होती, हात हलवून हलवून, 'मले' आणि 'काहून' आणि 'डोया'. मी पाण्याचा जग हातात धरून थोडी दूर उभी होते. मंगळवार-मंगळवार भेटणाऱ्या त्या मुलीचा मोकळा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

पुढच्या वर्षभरात तिने सतरा डब्यांतली सगळी कार्डं पुन्हा भोकांत उतरवली, या वेळी जशीच्या तशी. तोवर सर निवृत्त झाले होते. हैदराबादच्या परिसंवादात आम्ही निबंध दिला तो तिघांच्या नावाने. पदवी नसलेल्या मुलीचं नाव कसं घालता, असं विभागात कुणीतरी म्हणालं, तेव्हा सर घरून काठी टेकत आले आणि स्वतः अर्जावर तिचं नाव लिहून गेले. पहिली पाच मिनिटं मी वाचली, उदाहरणं तिने वाचली. हातातला कागद ऐकू येईल इतका वाजत होता. पण एकही शब्द तिने बदलला नाही.