सातपैकी सहा

सगळे तिला तालीमबाई म्हणत, अगदी तोंडावरसुद्धा. रक्त तपासणाऱ्या एका मोठ्या प्रयोगशाळेचे संगणक ती सांभाळायची. आली होती रिपोर्ट टाइप करायला. शिकत शिकत सर्व्हरच्या खोलीपर्यंत पोचली. त्या खोलीत एकच दणकट यंत्र होतं, पण एका घरात सात बिऱ्हाडं नांदावीत तसे त्याच्या पोटात सात आभासी सर्व्हर चालायचे. एकावर नोंदणी, एकावर रिपोर्ट, एकावर पगार. रोज संध्याकाळी सातांचीही प्रत दुसऱ्या शाखेत जायची. इथे आग लागली, पाणी शिरलं, तर तिथे ती प्रत चालू करून काम पुढे न्यायचं.

ती प्रत खरंच चालू होते का, याची दर तीन महिन्यांनी तालीम घेऊन बघायचं, हा तिचा हट्ट. त्यावरूनच हे नाव पडलं होतं. वडील लिफ्ट दुरुस्त करायचे. वजन टांगल्याशिवाय दोराला चांगला म्हणू नये, हे ती लहानपणापासून ऐकत आली होती.

नवे व्यवस्थापक आले आणि काम खोळंबतं म्हणून त्यांनी तालीम बंद केली. वर्ष उलटलं. मग एका रुग्णालयाशी करार ठरला आणि त्यांच्या तपासनीस बाई येणार म्हणून कळलं. व्यवस्थापकांनी तिच्यापुढे कागद सरकवला. प्रतीवरून सातही सर्व्हर चालू करून पाहिले आहेत, असं त्यावर लिहिलं होतं. तारीख मागच्या महिन्याची, सही तेवढी तिची हवी होती.

"अहो, झाकली मूठ सव्वा लाखाची," ते म्हणाले. "कोण उघडून बघतंय?"

"मी बघते. उद्या, त्यांच्यासमोर. जे होईल ते लिहून सही करते."

नोकरीचा विचार करा, असंही त्यांनी सुचवून पाहिलं. घरी नवऱ्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, चालू होईल ना? माहीत नाही, ती म्हणाली, भांडण त्याचंच आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळची गर्दी ओसरल्यावर तिनं काउंटरवाल्यांना वह्या काढायला सांगितल्या आणि तपासनीस बाईंसमोर मुख्य यंत्राची जोडणी तोडली. दुसऱ्या शाखेत वीस मिनिटांत सहा सर्व्हर उठले. सातवा, रिपोर्टचा, उठेना. शोधल्यावर कळलं, आठ महिन्यांपूर्वी त्याला एक जादा डिस्क जोडली होती आणि ती प्रतीच्या यादीत घालायचीच राहिली होती. जोडली होती तिनंच.

तिचे कान तापले. "हात दाखवून अवलक्षण," व्यवस्थापक पुटपुटले. तिनं कागदावर लिहिलं: सातपैकी सहा चालू. रिपोर्टचा सर्व्हर बंद. डिस्कची चूक माझी. खाली सही केली. वर्षभर तालीम का नाही, असं बाईंनी विचारलं, तेव्हा तिनं बंदीचा लेखी आदेश पुढे ठेवला.

करार लांबला. तिला निष्काळजीपणाबद्दल नोटीस मिळाली, ठरलेली बढतीही गेली. डिस्कची चूक तिनं उत्तरात कबूल केली. तालीम घेतल्याबद्दल माफी मागायला मात्र साफ नकार दिला. तीन आठवड्यांनी तिनं पुन्हा तपासलं. सातही उठले, आणि रुग्णालयानं सही केली.

व्यवस्थापक अजून तिच्याशी कामापुरतंच बोलतात. पुढच्या वर्षाच्या चारही तालमींच्या तारखा तिनं सर्व्हरच्या खोलीच्या दारावर लावून टाकल्या आहेत. कुणाला विचारलं नाही.