एक जूनवाले

कुंडलिक हिवराळे चाळीस वर्षं छपरांवर राहिला असं म्हटलं तरी चालेल. साकीनाक्याच्या एका शेड बांधणाऱ्या कंपनीत तो फिटर होता. छपराच्या लोखंडी कैच्या, म्हणजे तिकोनी सांगाडे, उभ्या करायच्या, त्यांवर पत्रे चढवायचे, बोल्ट आवळून खाली उतरायचं. बिस्किटांचे, औषधांचे, प्लास्टिकच्या बादल्यांचे कारखाने त्याने झाकले. शाळा मात्र एकही नाही. हे तो अधूनमधून, विषय नसतानाही, सांगायचा. आमच्या कांजूरमार्गच्या इमारतीत त्याचं दार माझ्या दारासमोरच, त्यामुळे मी हे किती वेळा ऐकलंय ते विचारू नका.

यंदा फेब्रुवारीत विहारात रविवारची वंदना झाल्यावर माधुरी बोलायला उभी राहिली. माधुरी म्हणजे घाटकोपरच्या एका छोट्या धम्म मिशनच्या ऑफिसात बसणारी पंचविशीची पोरगी. मी तिथे नव्हतो, पण जिथे नसतो तिथलंच मला जास्त ठाऊक असतं. तिने सांगितलं की श्रीलंकेत डोंगरातल्या एका गावी वादळाने शाळेचं छप्पर उडवलंय, एक भिंतही गेलीय. सामान तिथले भन्ते जमवतायत, कसबी हात मात्र कमी पडतायत. आठ माणसं हवीत, बारा दिवसांसाठी, निघायचं तीन जूनला.

बेचाळीस हात वर झाले. कुंडलिकने उभं राहून एवढंच विचारलं, की शिडीवर कोण कोण चढतं? बेचाळीसचे तीन राहिले. त्यातल्या एकाला खरं तर सूत्रसंचालन करायचं होतं.

मग माणसं जमवायचं काम कुंडलिकनेच अंगावर घेतलं. महिनाभर तो साकीनाक्याचे गाळे धुंडाळत होता. ज्यांच्यासोबत तो छपरांवर जेवला होता त्यांच्याकडे गेला. वेल्डर मिळाला, गवंडी मिळाले, वायरमन मिळाला. सुतार काही मिळेना, म्हणून तो आमच्याच इमारतीतल्या नंदकुमार परबाकडे आला. परब मालवणकडचा, त्याचा बाप गिरणीत होता आणि हा लाकडात शिरला. त्याचा आणि विहाराचा संबंध एवढाच, की विहाराचं दार त्याने बसवलं होतं. त्याने तिथे मासळी मिळते का हे विचारलं. चारी बाजूंनी समुद्र आहे म्हटल्यावर तो तयार झाला. विहारात आणि शाळेच्या आवारात काही मिळणार नाही हे कुंडलिकने त्याला सांगितलं नाही. मीही नाही सांगितलं.

आठ जणांच्या पासपोर्टांवरची माहिती माधुरीने तिकडच्या ऑफिसला पाठवली. आठ दिवसांनी यादी परत आली. खाली शेरा होता की फॉर्म भरणाऱ्याने हलगर्जीपणा केलेला दिसतो, आठपैकी सहा जणांची जन्मतारीख एकच आहे, एक जून. खरी माहिती पाठवा, नाहीतर ही जागा दुसऱ्या गटाला देऊ.

माधुरी रडकुंडीला येऊन कुंडलिकच्या घरी आली. ती बिचारी मुलुंडच्या हॉस्पिटलात जन्मलेली, मिनिटासकट वेळ लिहिलेली. तिलाही वाटलं की आपणच काहीतरी घोळ घातला.

कुंडलिकने तिला चहा दिला आणि समजावलं. खेड्यात शाळा जूनमध्ये सुरू व्हायची. बाप पोराला घेऊन जायचा. मास्तर विचारायचे, जन्म कधीचा? बाप म्हणायचा, थोरली विहीर ढासळली त्या साली. मास्तर एक जून लिहून मोकळे. कुंडलिकच्या बुलढाण्यात तेच, बाकीच्या जिल्ह्यांतही तेच. हे सांगणारा मी, माझीसुद्धा एक जूनच आहे, फक्त मला शिडीवर चढता येत नाही. कुंडलिकचे मास्तर तर एक पाऊल पुढे होते. त्यांना पटावर एक पोर कमी पडत होतं, म्हणून त्यांनी याचं वय दीड वर्षाने वाढवून टाकलं. त्याची आई सांगायची, तो दिवाळीत झाला, कापूस वेचायच्या दिवसांत. पण आईचं कागदावर कोण घेतं? कंपनीनेही त्याला त्या कागदावरच दीड वर्ष आधी घरी बसवलं होतं.

माधुरीने हे सगळं इंग्रजीत लिहिलं आणि सोबत पासपोर्टच्या प्रती जोडल्या. तिकडच्यांना पटलं. सात नावं मंजूर झाली.

आठवं नाव कुंडलिकचं. पासष्ट पूर्ण झालेल्या माणसाचा विमा निघत नाही, आणि विम्याशिवाय छपरावर चढता येत नाही. निघायच्या दिवशीचं वय धरायचं असा नियम. एक जूनला कागदावर त्याला पासष्ट पूर्ण होत होती. प्रवास तीन जूनला.

तो माधुरीला म्हणाला, माझं नाव काढ आणि दुसरा फिटर बघ. घरी येऊन मीरावहिनींना सांगितलं, नवी घेतलेली बॅग माळ्यावर टाकली, कोणाला बोलू नकोस म्हणाला. वहिनींनी शब्द पाळला. त्यांनी फक्त मला सांगितलं, तेही कोणाला सांगू नका असं बजावून. मी अंघोळीपर्यंत कळ काढली. दुपारी परबाला सांगितलं. संध्याकाळी सातही जणांना ठाऊक होतं. माझ्या या सवयीवर लोक काय काय बोलतात ते मी ऐकून आहे, पण एवढी वेळ सोडून द्या.

तिकिटं अजून काढली नव्हती. सगळे माधुरीकडे गेले आणि म्हणाले, तारीख एक जूनच्या अलीकडे घे. ती म्हणाली, एकतीस मे, रविवार, त्या दिवशी जागा मिळतील. सगळे हो म्हणाले. अडचण परबाची होती, एकतीस मेला बोरिवलीला त्याच्या भाचीचं, मानसीचं लग्न होतं. मामा म्हणून अंतरपाटापर्यंत तिला यानेच आणायचं होतं.

कुंडलिकला हे कळलं तसा तो तरातरा परबाच्या दारात गेला. मी माझ्या दारात वर्तमानपत्र वाचत होतो. म्हणजे धरून उभा होतो.

"नंद्या, लग्न सोडून कुठं निघालास? बहीण तोंड बघंल का तुझं?"

"नाय बघूची."

"मग? मी नाही येत. तीन तारखेलाच जा तुम्ही."

परब रंधा पुसत होता. तो मान वर न करता म्हणाला, "तिका मामा दोन आसत. तुका बदली एक पण नाय."

कुंडलिकने उंबऱ्यावरचा भुसा पायाने बाजूला केला. मग म्हणाला, "तिकडं मासळी मिळत नाही. आधीच सांगतो."

"म्हायत आसा. वनमालान कवाच सांगल्यान."

वनमाला म्हणजे माझी बायको. बघा, आणि बातम्या फोडतो म्हणून नाव माझं होतं.

एकतीसला ते गेले, माधुरीही सोबत गेली. परबाची बहीण अजून त्याच्याशी बोलत नाही. धाकट्या मामाने मानसीला आणलं, आणि तो जरा जास्तच भरभर चालला असं लग्नातल्या बायकांचं मत पडलं.

दोन तारखेला मीरावहिनींनी मला मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला, आदल्या दिवशीचा, परबाने काढलेला. शाळेच्या आवारात पोरं रांगेत उभी. भन्तेंनी पासपोर्टच्या प्रती पाहिल्या असणार, कारण केळीच्या पानांवर, तिकडे वाढदिवसाला करतात त्या दूधभाताचे सहा चौकोन मांडले होते. पोरं त्यांच्या भाषेत काहीतरी गात होती. पाच जण ओशाळं हसत पानांसमोर उभे. सहाव्या पानासमोर कोणी नाही.

परबाने मोबाईल वर फिरवला. कैचीवर पाय टाकून कुंडलिक बसलेला, हातात पाना, शेजारी नवा पत्रा. खालून माधुरी हाक मारत होती, काका, या ना, तुमचाच वाढदिवस आहे.

"माझा नाही," तो वरूनच म्हणाला. "माझा दिवाळीत असतो." आणि पुढचा बोल्ट आवळायला लागला.