शंभराव्या मॅचची गोळी

एकतीस. कन्सल्टंट बाईंनी कागदावर आकडा लिहिला, त्याभोवती गोल काढला आणि कागद आमच्याकडे फिरवला. इंग्लंडमधल्या रीडिंगच्या हॉस्पिटलातली ती खोली इतकी लहान, की आम्हा तिघांचे गुडघे एकमेकांना लागत होते. एकतीस म्हणजे काय, मला कळेना. बाईंनी समजावलं. याला ईजीएफआर म्हणतात. रक्तात क्रिएटिनिन नावाचा कचरा किती साठलाय त्यावरून किडन्या किती काम करतायत याचा अंदाज काढतात. ढोबळमानानं टक्केच समजा. धडधाकट माणसाचा आकडा नव्वदच्या आसपास. माझ्या नवऱ्याचा, विनायकचा, एकतीस. वय बेचाळीस.

मग त्यांनी विचारलं, दुखण्यावर कुठल्या गोळ्या घेता? दुकानातून परस्पर आणलेल्या? आयुर्वेदिक? बाहेरच्या देशातून आणलेल्या? प्रश्न विनायकला होता. उत्तर मी दिलं.

"फक्त पॅरासिटॅमॉल," मी म्हटलं. "बाकी काही नाही."

विनायक भिंतीवरचं किडनीचं चित्र बघत राहिला. बाईंनी 'पॅरासिटॅमॉल' असं लिहून घेतलं. हे मी सगळ्यात आधी सांगतेय, कारण आजारपणाच्या गोष्टी सांगताना माणसं स्वतःला फार चांगली दाखवतात. मी तशी नव्हते.

आता ती पिशवी. तुमच्याही घरी असणार, नाही म्हणू नका. इंडियाहून येताना आणलेली औषधांची पिशवी. इथे अपॉइंटमेंट मिळेपर्यंत माणूस एक तर बरा होतो नाही तर मरतो, आणि जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, काहीही घेऊन जा, पॅरासिटॅमॉल घ्या आणि आराम करा, हेच ऐकायचं, असं आपण प्रत्येक पॉटलक जेवणाला एकमेकांना सांगून हसतो. माझ्या धाकट्या भावाचं, शिरीषचं, पुण्यात मेडिकलचं दुकान. दरवर्षी परत येताना तो डायक्लोफेनॅकची, अंगदुखीवरच्या गोळ्यांची, पाकिटं द्यायचा. कुणी विचारू नये म्हणून मी ती शंकरपाळ्यांच्या डब्यात तळाशी घालायचे. वर आईच्या हातचे शंकरपाळे. आठ वर्षं आणली. प्रिस्क्रिप्शन कसलं नि काय, सख्ख्या मामाचं दुकान आहे, असं मी लेकीला अभिमानानं सांगायचे.

एवढ्या गोळ्या लागायच्या कशाला, तर खेळायला. विनायक नागपूरचा, उंची पाच फूट पाच. नोकरीत दोन वर्षं मेलबर्नला होता, तिथे त्याला ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलचं वेड लागलं. लंबगोल चेंडू, दोन्ही टोकांना चार-चार खांब, अंगावर ना पॅड ना हेल्मेट, आणि समोरून धावत येणारे सहा-सहा फुटी धटिंगण. रीडिंगला बदली झाली तेव्हा त्यानं सगळ्यात आधी घर नाही, बँक नाही, इथल्या ऑस्ट्रेलियन लोकांचा क्लब शोधून काढला. ते त्याला 'विन' म्हणायचे.

तो काही मोठा खेळाडू नव्हता. मला त्यातलं फारसं कळत नाही, पण तेवढं कळत होतं. त्याचा गुण एकच, तो मोडायचा नाही. बोटं मोडली, चिकटपट्टी बांधून खेळला. बरगडीला तडा गेला, खेळला. आमची लेक सई शुक्रवारी जन्मली आणि शनिवारी हा मैदानावर. माझे बाबा गेले तेव्हा दीड वर्षाच्या सईला कडेवर घेऊन मी एकटीच विमानात बसले, कारण शनिवार होता. नऊ उन्हाळे, एकही मॅच चुकवली नाही. लोक त्याचं कौतुक करायचे आणि खरं सांगते, मलाही ते आवडायचं. अमक्याचा नवरा दारू पितो, तमक्याचा ऑफिसातच राहतो, माझा निदान मैदानावर असतो.

पहिली लक्षणं आम्ही हसण्यावारी नेली. संध्याकाळी पाय सुजायचे, मोज्यांचा वळ सकाळपर्यंत राहायचा. तोंडाला चव नाही. अंगाला खाज. दोन हजार सातच्या उन्हाळ्यात ऑफिसच्या तपासणीत रक्त बिघडलेलं निघालं, म्हणून आम्ही त्या लहान खोलीत जाऊन बसलो.

खोटं का बोलले? आमचा कायमच्या व्हिसाचा अर्ज सरकारकडे होता. परदेशातून गोळ्या आणल्या म्हणून तो फेटाळतील, शिरीषचं दुकान बंद करतील, असलं काहीबाही त्या दोन सेकंदांत डोक्यात आलं. कुणी काही केलं नसतं. बाईंना फक्त किडन्या वाचवायच्या होत्या.

घरी आल्यावर मी डबा कचऱ्यात उपडा केला. यापुढे एकही गोळी नाही, कळलं? विनायकनं मान हलवली. बायॉप्सीची तारीख अडीच आठवड्यांनंतरची मिळाली. बायॉप्सी म्हणजे पाठीतून सुई घालून किडनीचा बारीकसा तुकडा काढतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. तोपर्यंत खेळायचं नाही, असं बाईंनी बजावलं होतं. मला वाटलं, गोळ्या तर बंद झाल्या, आता सांगून तरी काय फरक पडणार.

पण त्याच्या सलग मॅच झाल्या होत्या सत्याण्णव. बंदी असूनही पुढचे दोन शनिवार तो खेळून आला.

"नव्व्याण्णववर कुणी थांबतं का?" विनायक मला म्हणाला. मी भांडले, रडले, दोन दिवस बोलले नाही. आणि तिसऱ्या दिवशी सईला घेऊन बॅनर करायला बसले. या खेळात रीत आहे: कुणाची शंभरावी मॅच असली की घरचे लोक क्रेप पेपरचा मोठा पडदा करतात, त्यावर नाव चिकटवतात, आणि तो खेळाडू पळत येऊन तो फाडून मैदानात शिरतो. आम्ही मायलेकी बैठकीच्या खोलीत फरशीवर बसून अक्षरं कापत होतो. "बाबाचा शंभर झाली की आपण केक आणायची?" सईनं विचारलं. इथे जन्मलेली पोर, ती असंच बोलते. मी म्हटलं, आणूया.

त्या शनिवारी सकाळी त्याला पलंगावरून उठता येईना. कंबर धरली होती. माझ्या पर्समध्ये स्वतःच्या पाठदुखीसाठी ठेवलेलं एक पाकीट उरलं होतं. त्यानं काही मागितलं नाही, नुसतं माझ्याकडे बघितलं. मी एक गोळी काढून दिली. स्वतःच्या हातानं, वर पाण्याचा ग्लास.

त्यानं बॅनर फाडला. टीम सपाटून हरली, तरी त्याला खांद्यावर घेऊन बाहेर आणलं. सगळे टाळ्या वाजवत होते, मीसुद्धा. मग तो गाडीमागे जाऊन ओकला. कॅप्टन ग्लेन म्हणाला, एक्साइटमेंट असेल.

बायॉप्सी पुढच्या बुधवारी झाली. त्या दिवशीचा आकडा होता चौदा.

शुक्रवारी पुन्हा ती लहान खोली. बाई म्हणाल्या, याला इंटरस्टिशियल नेफ्रायटिस म्हणतात. म्हणजे किडनीच्या गाळणीभोवतीचं मांस सुजतं, आणि सूज तशीच राहिली की तिथे वण धरतात. असं बहुतेक वेळा औषधानं होतं. पेन खाली ठेवून त्यांनी पुन्हा विचारलं, नीट आठवून सांगा. मी पर्स उघडली आणि पाकीट टेबलावर ठेवलं. किती वर्षं, ते सांगितलं. शनिवारची गोळी सांगितली.

त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "पहिल्या दिवशी कळलं असतं तर मी त्याच संध्याकाळी स्टेरॉइड्स सुरू केली असती," त्या म्हणाल्या. "किडन्या वाचल्या असत्या, असं मी सांगू शकत नाही. वाचल्या नसत्या, असंही सांगू शकत नाही."

स्टेरॉइड्स दिली. तोंड भोपळ्यासारखं सुजलं, झोप उडाली, आकडा हलला नाही. नोव्हेंबरात डायलिसिस सुरू झालं.

ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांच्यासाठी लिहिते. डायलिसिस म्हणजे रक्त बाहेर काढून मशीनमध्ये धुऊन परत आत सोडणं. आठवड्यातून तीन दिवस, चार-चार तास. त्यासाठी हातात फिस्टुला करतात: शीर आणि धमनी जोडून टाकतात, म्हणजे जाड सुया टोचता येतात. त्या जागी हात ठेवला की आत घरघर लागते. सई सुरुवातीला कान लावून ऐकायची, मग तिनं ते बंद केलं. पाणी मोजून प्यायचं. बटाटा दोनदा उकडून पाणी फेकायचं. टोमॅटो, केळं, नारळ बंद. आमटीचा एक घोट घेण्यासाठी माणूस बायकोच्या तोंडाकडे बघतो आणि बायकोला नाही म्हणावं लागतं. मी रोज नाही म्हणायचे. त्यातलं प्रत्येक नाही मला बाईंसमोरच्या माझ्या 'बाकी काही नाही'ची आठवण करून द्यायचं.

टीममधले लोक दोनदा आले. फुलं आणली, मोठ्यानं हसले. पुढच्या उन्हाळ्यात विनायकच्या नंबरची जर्सी कुणा नव्या मुलाला दिल्याचं ग्लेननं फोनवर सांगितलं. यू डोन्ट माइंड, मेट? विनायक म्हणाला, नो वरीज. फोन ठेवून तो भिंतीकडे तोंड करून झोपला.

डायलिसिसचाही एकही दिवस त्यानं चुकवला नाही. बर्फ पडून बस बंद झाल्या त्या दिवशी चालत गेला. नर्सेस त्याचं उदाहरण बाकीच्यांना द्यायच्या. जुलैतल्या एका दुपारी सुया टोचून झाल्यावर तो मला म्हणाला, "आज शंभरावं. बॅनर नाही आणलास?" आणि हसला. मी टॉयलेटमध्ये जाऊन नळ सोडला आणि रडले. त्या एका गोळीनं, माझ्या एका गोळीनं हे झालं, हे वाक्य मी तोवर रोज म्हणत होते, भांडी घासताना, कामावर, सईला शाळेत सोडून परत येताना.

म्हणून किडनी मी देणार, हे मी केव्हाच ठरवलं होतं. माझा रक्तगट ओ, कुणालाही चालतो. तपासण्यांना आठ महिने लागले. रक्त, लघवी, स्कॅन, पुन्हा रक्त. शेवटी एक त्रयस्थ माणूस तुम्हाला एकट्याला बसवून विचारतो, तुमच्यावर कुणाचं दडपण आहे का? मी म्हटलं, नाही. माझं मन मला खात होतं, पण त्यासाठी त्यांच्या फॉर्मवर रकाना नव्हता.

पत्र आलं. मी देऊ शकत होते. विनायक सोफ्यावर पडला होता, मी पत्र त्याच्या हातात दिलं. त्यानं दोनदा वाचलं आणि घडी केली.

"थांब," तो म्हणाला. "तू सही करायच्या आधी एक सांगतो. किटबॅगमध्ये दोन पाकिटं होती, मोज्यांमध्ये. तू डबा फेकलास त्यानंतरही मी घेत होतो. रोज दोन. बायॉप्सीच्या आदल्या दिवसापर्यंत."

मला आधी समजलंच नाही. मग समजलं.

"मग दीड वर्षं मला त्या एका गोळीसाठी का जाळलंस?"

"तू ते स्वतःवर घेतलंस," तो म्हणाला. "मला बरं वाटलं."

मी चार दिवस त्याच्याशी बोलले नाही. आठ वर्षं शंकरपाळ्यांखाली लपवून गोळ्या आणणारी मी, डॉक्टरसमोर खोटं बोलणारी मी, दुसऱ्याच्या लपवालपवीवर संतापायचा मला काय अधिकार, असंही मनात आलं. आणि तरीही संतापले. पाचव्या दिवशी ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटरला फोन केला आणि तारीख घेतली. सईला बाप हवा होता. मलाही तो हवा होता, हेही लिहून टाकते. किडनी मी दिली. माफी अजून दिलेली नाही. एक दिली म्हणून दुसरी द्यावीच लागते असं काही नाही, एवढं मला कळलंय.

त्या कन्सल्टंट बाईंचे मी आभार मानते, कारण त्यांनी मला एकदाही खोटा दिलासा दिला नाही. आमच्या आयुष्यात खरं बोलणारं तेव्हा त्यांच्याशिवाय कुणी नव्हतं. शिरीष अजून विचारतो, ताई, काही औषधं पाठवू का? मी म्हणते, नुसते शंकरपाळे पाठव. तुम्ही हे वाचून झाल्यावर उठा, कपाटातली ती पिशवी काढा आणि पुढच्या अपॉइंटमेंटला डॉक्टरसमोर टेबलावर ओता. लाज वाटेल. वाटू दे.

माझ्या कुशीतली किडनी त्याच्या ओटीपोटात, पुढच्या बाजूला, कातडीच्या जवळच बसवलीय. मार लागेल असा खेळ पुन्हा नाही, असं त्याला बजावलंय. ऑगस्टपासून तो गोल अंपायरचं काम करतो. पांढरा कोट घालून खांबांच्या मध्ये उभा राहतो आणि गोल झाला की दोन झेंडे हलवतो. अजून एकही मॅच चुकवलेली नाही. मी बघायला जात नाही. माझी एक किडनी तेवढी दर शनिवारी मैदानावर असते.