तळ्याचं दुसरं मिनिट

माझा मामा सिनेमांसाठी आवाज रेकॉर्ड करतो. युनिटमध्ये त्याला सगळे चूपमामा म्हणतात. पॅकअपची कितीही घाई असो, तो सगळ्यांना मिनिटभर पुतळ्यासारखं उभं करतो आणि त्या जागेची शांतता टेप करून घेतो. संवादांमधल्या फटी भरायला ती लागते. घरी कपाटभर अशी मिनिटं आहेत, प्रत्येकावर जागा आणि तारीख. मामी म्हणते, "लोक कपाटात कपडे ठेवतात, आमच्याकडे गप्प बसणं ठेवलंय."

गेल्या वर्षी त्याला तापत्या पृथ्वीवरचा सिनेमा मिळाला. आटलेल्या तळ्याची गोष्ट. याच तळ्यावर मामाने तरुणपणी बेडकांचं एक मिनिट घेतलं होतं. गडी खूश होऊन गेला, "आता खरं काय ते ऐकवू लोकांना!"

तळ्यात जी थोडी ओल उरली होती, तिच्यावर या पृथ्वीरक्षकांनी ट्रक उभे केले. तीन जनरेटर दिवसभर धडधडत होते. शेवटचा शॉट झाल्यावर मामा दिग्दर्शकाकडे गेला.

"एक मिनिट बंद करा. तळं आता कसं वाजतं ते घेऊ द्या."

"चूपमामा, व्हॅनचा एसी गेला तर हिरोईन वितळेल हो! तुमची जुनी बेडकं आहेत ना? तीच सोडा."

"मेलेल्या तळ्यात? मग सिनेमा कशाला काढताय?"

"प्रेक्षकाला आशा नको का?"

"नको! आधी लाज द्या त्याला. मी टेप देणार नाही. आणि बेडकं घातलीत तर माझं नाव काढा."

त्यांनी कुठल्याशा परदेशी बेडकांचा आवाज विकत आणला. नाव मात्र ठेवलं. मामाच्या नावाला वजन आहे ना! वर सिनेमाला नैसर्गिक ध्वनीचं बक्षीस मिळालं. नैसर्गिक! मला ऐकूनच संताप आला. मामा रेकॉर्डर पिशवीत घालून समारंभाला निघाला.

तापत्या पृथ्वीसाठी गाणं चालू होतं आणि सभागृहात एसी असा, की मामीने माझा रुमाल कानांना बांधला. मामाचं नाव पुकारलं. तो माईकपाशी गेला.

"ही बेडकं त्या तळ्यातली नाहीत. विकतची आहेत. तळ्याचं मिनिट मला घेऊ दिलं नाही, म्हणून तुमचं घेतो. एसी बंद करा आणि उभे राहा. चूप!"

कुणी गेलंय असं समजून सगळे माना खाली घालून उभे राहिले. दिग्दर्शकसुद्धा! एसी काही बंद झाला नाही. साठ सेकंद नुसती घरघर. मामाने रेकॉर्डर बंद केला, बक्षीस टेबलावरच ठेवलं आणि खाली उतरला.

सिनेमात त्याचं नाव अजून आहे. कपाटात, बेडकांच्या टेपशेजारी, नवी डबी आहे. वर मामाच्या अक्षरात लिहिलंय : तळं, मिनिट दुसरं. एसी चालू.