दाजींच्या डोक्यातला आकडा

दुष्काळात पारनेरची माणसं इतकी वाळली, की दाजींचा टेप एकेकाला तीन वेढे बसायचा. दाजी म्हणजे माझ्या अक्काचे मालक. पेठेत त्यांचं शिलाईचं दुकान होतं आणि बाजारच्या दिवशी त्याच ओट्यावर मी कापडाची ठाणं मांडायचो. मशीन मात्र अक्काचं, आमच्या वडिलांनी लग्नात दिलेलं. शेत करपल्यावर घर त्या मशीनवरच चाललं होतं.

दाजींना मटक्याचा नाद होता. तसा तो अर्ध्या पेठेला होता. बाकीच्यांना आकडा स्वप्नात दिसायचा, नाहीतर एसटीच्या पाटीवर. दाजींना तो गिऱ्हाइकाच्या अंगावर सापडायचा. छाती चौतीस भरली की चौतीस डोक्यात घुसायचा आणि मग कंबरही चौतीस, बाहीही चौतीस. मास्तरांच्या लेंग्यात मास्तर मावून वर हेडमास्तरही बसले असते.

"पाव्हणं, आकडा मी आनत न्हाई," दाजी मला समजावत. "त्यो येतो. आन् लावल्याबिगर जात न्हाई. डोक्यावर कुनाचा ताबा चाललाय का?"

मला पटायचं. ते बोलायचेच असे, की म्हशीलाही पटलं असतं.

अक्काला पटलं नाही. "एक दिस नका लावू. बघू डोकं फुटतंय का. फुटलं तर मी हाय की टाके घालायला."

दाजी इरेला पेटले. बाजारच्या दिवशी मापं अक्कानं घेतली, दाजींनी फक्त मशीन मारलं. सकाळीच कुठूनसा सत्तावीस येऊन बसला होता. घामानं ओटा असा भिजला, की पेठेतल्या लोकांनी पाऊस आला म्हणून वर पाहिलं. दुपारी एका बाईशी झग्याच्या गळ्यावरून त्यांचं कडाक्याचं वाजलं. ती गेल्यावर मी विचारलं, "काय दाजी, सत्तावीस?"

"कसला सत्तावीस?"

अक्का एवढी हसली, की शेजारच्या दुकानातली भांडी पडली. आकडा न लावताच गेला होता. संपलं, असं मला वाटलं.

मशीनच्या पायट्यावरचे दाजींचे पाय थांबले. त्यांनी डोक्यावर तळवा ठेवला.

"पाव्हणं, आत काईच न्हाई."

"बरंच झालं की."

"बरं कसलं? आकडे आपूनहून याच डोक्याकडं यायचे. मी एक हाकलला. आता कंचाच येनार न्हाई."

ताबा नाही म्हणणारा माणूस आता आपणच दार लावून घेतलं म्हणत होता. त्यांनी टेप घेतला. माझी छाती मोजली, दार मोजलं, मशीन मोजलं. काही आलं नाही.

पुढच्या बाजारी गेलो तर ओट्यावर मशीन नव्हतं.

"मटकेवाल्याकडं दिलं," दाजी म्हणाले. "बारके पैसे लावून डोकं जागं हुईना."

"कोणता आकडा लावला?"

"सुचंल त्यो."

अक्का हातसुईनं एक विरलेलं लुगडं दांडत होती, विरलेला भाग कापून धडके तुकडे जोडत होती. ती रडली नव्हती. मी हीच हकिगत दहा गावांत सांगितली आणि प्रत्येक गावात तिला धाय मोकलून रडवलं. प्रत्यक्षात ती एवढंच म्हणाली, "दोन वार मांजरपाट फाड." मी ठाणातून फाडलं. फाडताना मला काहीच वाटलं नाही. दाजी भिंतीला टेकून, कोणीतरी यायचंय अशा नजरेनं समोर बघत बसले होते.